रान, डोह आणि समुद्र : एका दिवसाचा हिशेब

गोव्याच्या दक्षिण भागात, सांगे आणि काणकोण या तालुक्यांत, सह्याद्री समुद्राच्या अगदी जवळ येऊन उभा राहतो. सकाळी नेत्रावळीच्या अभयारण्यात दाट सावलीतून चालावे, दुपार होण्यापूर्वी सावरी धबधब्याखालच्या डोहात उतरावे आणि उन्हे कलली की पाळोळे किंवा आगोंदच्या वाळूत पाय पसरावेत, असा बेत तेथे एका दिवसात बसतो. रानातून किनाऱ्यावर यायला मोटारीने तास-दीड तास पुरतो. स्थानिक वाटाड्यासह आखलेल्या अशा सहली दिवाळीच्या आणि नाताळच्या सुटीत अनेक कुटुंबे करतात. आजी-आजोबांपासून बालवाडीतल्या नातवापर्यंत प्रत्येकाला त्यात काही ना काही मिळते, म्हणून एक कुटुंबवैद्य या नात्याने मलाही हा बेत आवडतो.

अशा सहलीला निघण्यापूर्वी रुग्ण दवाखान्यात येतात, तेव्हा त्यांचा प्रश्न बहुधा एकच असतो : ‘‘डॉक्टर, रानातले चालणे झेपेल ना?’’ गुडघे, रक्तदाब, दमा यांची चौकशी होते, जळवा आणि साप यांविषयीही विचारणा होते. समुद्राविषयी मात्र कोणी काही विचारत नाही. चालणे म्हणजे कष्ट, डोह म्हणजे मजा आणि किनारा म्हणजे विश्रांती, अशी विभागणी आपण मनाशी करून टाकलेली असते. शरीराच्या वहीत मात्र हा हिशेब बरोबर उलटा मांडलेला असतो. या दिवसातील सर्वांत सुरक्षित तास बहुधा पहिला असतो आणि सर्वांत धोक्याचा शेवटचा. तो कसा, हे समजून घेतले तर दिवसाची आखणी आपोआप बदलते.

आधी रानाविषयी. नेत्रावळीचे अभयारण्य १९९९ साली घोषित झाले. क्षेत्र सुमारे २११ चौरस किलोमीटर. शेजारच्या काणकोण तालुक्यातील खोतीगावचे अभयारण्य त्याहून जुने, १९६८ चे, आणि आकाराने लहान. जाहिरातींत या साऱ्याला सरसकट ‘वर्षावन’ म्हटलेले असते. प्रत्यक्षात येथे आर्द्र पानझडी, निमसदाहरित आणि ओढ्यांच्या काठाने खरोखर सदाहरित, असे जंगलाचे पट्टे एकमेकांत मिसळलेले आहेत. गोव्यात वर्षाला सरासरी सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि घाटालगत त्याहूनही अधिक. त्या पावसाची ओल या सदाहरित पट्ट्यांत हिवाळ्यातही टिकून राहते. शेकरू, गवे आणि धनेश पक्षी येथे आहेत. दिसतीलच असे नाही. दिसले नाहीत म्हणून वाटाड्यावर रुसू नये.

ही ओल डोळ्यांना सुखावते. शरीराला मात्र तिची किंमत मोजावी लागते. आपले शरीर थंड होते ते घाम येतो म्हणून नव्हे, तर घाम वाळतो म्हणून. दमट हवेत घाम वाळत नाही, नुसता ओघळतो. सावलीत ऊन लागत नसल्याने तहानही उशिरा जाणवते. अशा हवेत चालताना तासाला अर्धा ते एक लिटर पाणी घामावाटे सहज जाऊ शकते आणि आपण तर ‘किती छान गार आहे’ असे म्हणत बाटली पिशवीतच ठेवतो. दुपारी तीन वाजता होणारी डोकेदुखी आणि चिडचिड बहुतेक वेळा सकाळच्या या न प्यायलेल्या पाण्याची असते. म्हणून तहान लागो वा न लागो, दर वीस मिनिटांनी चार घोट घ्यावेत. चालणे दोन तासांहून अधिक असेल तर जलसंजीवनीचे एक पाकीट लिटरभर पाण्यात विरघळवून सोबत ठेवावे. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा, आणि सपाट म्हणजे खरोखर सपाट. मीठ अंदाजाने टाकू नये.

वेग किती असावा, यासाठी घड्याळाची गरज नाही. चालताना शेजारच्याशी सलग बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये, इतकाच श्रम पुरे. बोलणेही तुटक होऊ लागले तर थांबावे. वाटेचा वेग घरातील सर्वांत हळू चालणाऱ्याच्या पायांवरून ठरवावा आणि त्यालाच पुढे चालू द्यावे. मागे राहिलेला माणूस इतरांना गाठण्यासाठी धापा टाकत येतो. त्याला पोचताच विसावा मिळत नाही, कारण तोवर विसावलेले इतर लोक पुढे निघालेले असतात.

दोन औषधांविषयी येथेच सांगून टाकतो, कारण त्यांचा परिणाम पुढे पाण्यात दिसतो. घाटवळणांत गाडी लागू नये म्हणून अनेक घरांत मुलांना आणि मोठ्यांनाही एक गोळी सर्रास दिली जाते. यांतील बहुतेक गोळ्यांनी गुंगी येते आणि ती कित्येक तास राहते. सकाळी सातला गोळी घेतलेल्या माणसाने अकराला डोहात उतरणे म्हणजे अर्धवट झोपेत पाण्यात उतरणे होय. अशा व्यक्तीने त्या दिवशी काठावर बसून पाय बुडवण्यात समाधान मानावे. दुसरे, मधुमेहाचे रुग्ण. इन्सुलिन घेणाऱ्यांची किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्यांची साखर चालण्याने नेहमीपेक्षा अधिक उतरते आणि पोहण्याने आणखी. पाण्यात असताना थरथर, घाम आणि घाबरणे ही साखर उतरल्याची लक्षणे ओळखूच येत नाहीत. ती थंडीची वाटतात. म्हणून डोहात उतरण्यापूर्वी साखर तपासावी, केळे किंवा शेंगदाण्याचा लाडू खावा आणि खिशात ग्लुकोज ठेवावे. मात्रा कमी करायची की नाही, हे सहलीच्या आधी आपल्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. आणि इन्सुलिन उन्हात उभ्या केलेल्या गाडीत कधीही ठेवू नये.

जळवांची भीती फार असते, त्रास फार थोडा. जळू चावली तर नख तिच्या तोंडाशी नेऊन तिला हलकेच बाजूला सरकवावी. मीठ, तंबाखू किंवा आगपेटीची काडी लावली की ती पोटातले रक्त जखमेत ओकते. ती सुटल्यावरही बराच वेळ रक्त झिरपत राहते, कारण तिच्या लाळेत रक्त गोठू न देणारा घटक असतो. साबण-पाण्याने धुऊन दाबून धरावे. रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्यांनी थोडा अधिक वेळ दाबावे.

सापांविषयी एकच सांगतो. आपल्याकडे मिळणारी प्रतिविषाची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांसाठी असते. घाटातील चापडा वर्गातील सापांवर तिचा भरवसा नाही. म्हणून ‘लस आहे ना’ या धीरावर न राहता पायघोळ पँट, घोट्यावर येणारे बूट आणि हात टेकण्यापूर्वी दगडाकडे एक नजर, एवढे करावे. दंश झालाच तर कापणे, चोखणे, आवळून बांधणे यांपैकी काहीही न करता, हातपाय हलू न देता रुग्णाला उचलून न्यावे.

डोह

डोह दिसला की मुले बूट भिरकावतात. या क्षणी त्यांना दहा मिनिटे थांबवणे हे मोठ्यांचे त्या दिवसातील सर्वांत कठीण काम असते, तरी ते करावे. चालून तापलेले, घामेजलेले शरीर एकदम गार पाण्यात गेले की पहिला श्वास आपोआप जोराने आत ओढला जातो. तोंड त्या वेळी पाण्याखाली असेल तर तो श्वास पाण्याचाच असतो. हृदयविकार असलेल्यांच्या हृदयावर त्याच क्षणी अचानक ताण येतो. बसावे, पाणी प्यावे, हात-पाय-मान ओली करावी आणि मग पायांच्या बाजूने उतरावे.

उडी मारू नये. ‘गेल्या वर्षी येथेच उडी मारली होती’ हे वाक्य मी तरुणांच्या तोंडून अनेकदा ऐकले आहे. धबधब्याखालचा डोह दर पावसाळ्यात बदलतो. पुरासोबत दगड येतात, ओंडके अडकतात, वाळू साचते. वरून तेच हिरवेगार पाणी दिसते आणि खाली पुरुषभर खोलीच्या जागी कमरेइतकीच खोली उरलेली असते. डोके आपटून मानेचा मणका मोडला तर आयुष्य खुर्चीत जाते आणि त्यावर कोणत्याही शहरातील कोणत्याही रुग्णालयात उपाय नाही. तसेच श्वास रोखून पाण्याखाली कोण जास्त वेळ राहतो, ही पैज. त्याआधी मुले भराभर खोल श्वास घेतात. त्यामुळे रक्तातील कार्बन डायऑक्साइड घटतो, श्वास घेण्याची ऊर्मी उशिरा येते आणि ती येण्यापूर्वीच प्राणवायू संपून शुद्ध हरपते. पट्टीचा पोहणाराही असा, शांतपणे, तळाशी जातो.

धबधब्याच्या धारेखाली जाऊ नये, हे वाटाड्या सांगतोच. तो सांगत नाही ते हे, की पडत्या पाण्याच्या फेसात हवा मिसळलेली असल्यामुळे तेथे शरीर नेहमीसारखे तरंगत नाही. साडी, सलवार किंवा जीन्स घालून पाण्यात उतरणेही तितकेच वाईट. ओले कापड पायांत गुंडाळते आणि वजन वाढवते. मुलांच्या दंडावरील फुगे आणि रबरी चक्र ही खेळणी आहेत, सुरक्षासाधने नव्हेत. योग्य मापाचे, पट्टे बांधलेले तरंगजाकीट तेवढे खरे. पाच वर्षांखालील मूल पाण्यात किंवा काठावर असेल तर ते मोठ्या माणसाच्या हाताच्या अंतरात असावे, आणि त्या माणसाच्या दुसऱ्या हातात मोबाइल नसावा.

बुडणारा माणूस सिनेमातल्यासारखा हात उंचावून ओरडत नाही. श्वास मिळवण्यासाठीच धडपडणाऱ्याला ओरडायला श्वास उरत नाही. तोंड पाण्याच्या रेषेशी, डोके मागे कललेले, नजर हरवलेली, पाय न मारता शिडी चढल्यासारखे हात. हे सारे निःशब्द घडते आणि एखाद्या मिनिटात संपतेही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ या एका वर्षात जगभरात सुमारे ३ लाख माणसे बुडून मरण पावली. सावरी ज्या अभयारण्यात आहे, त्याच नेत्रावळीच्या मैनापी धबधब्यावर जुलै २०२३ मध्ये दोन जण बुडाले आणि त्यानंतर गोव्याच्या वनखात्याने अभयारण्यांतील धबधब्यांवर जाण्यास बंदी घातली होती. म्हणून भर पावसात या डोहांकडे जाऊच नये. आणि इतर दिवसांतही प्रवेश चालू आहे की नाही, हे निघण्यापूर्वी वनखात्याच्या नाक्यावर विचारून घ्यावे.

पाऊस उघडल्यानंतरचा, ऑक्टोबरचा काळ मोहक असतो. हिरवाई ताजी आणि धबधबा भरलेला. पण परतीचा पाऊस बहुधा दुपारनंतर, गडगडाटासह येतो आणि तो आपल्या डोक्यावर पडावा लागत नाही. वर डोंगरात पडला तरी पाणी खाली येते. स्वच्छ पाणी गढूळ होऊ लागले, पाने आणि काटक्या वाहून येऊ लागल्या किंवा धबधब्याचा आवाज बदलला, की सामान गोळा करत न बसता काठावरून वर चढावे. डोहाचा कार्यक्रम दुपारी बारापूर्वी आटोपण्यामागे उन्हाप्रमाणेच हेही कारण आहे.

पाण्यात किती वेळ? पाणी शरीरातील उष्णता हवेपेक्षा सुमारे पंचवीस पट वेगाने ओढून घेते. लहान मुलांच्या अंगावर चरबी कमी, म्हणून ती लवकर गारठतात. ओठ निळसर झाले, दात वाजू लागले की ‘अजून पाच मिनिटे’ ही विनवणी नाकारून बाहेर काढावे, पुसावे, कोरडे कपडे घालावेत. पंधरा-वीस मिनिटांचा एक फेरा पुरे. आणि कृपया डोहात साबण लावू नये, उन्हाचे मलमही डोहाआधी फासू नये. त्या पाण्यात बेडूक आणि मासे राहतात, आपण तासाभराचे पाहुणे आहोत.

जेवणाची गफलत

डोहावरून परतताना, चढ चढून, साधारण एक-दीड वाजता भूक कडाडलेली असते. काणकोणच्या खानावळीत शीतकढी, तळलेला मासा, सोलकढी समोर येते आणि त्या ताटाला नावे ठेवण्याइतका मी करंटा नाही. पोटभर जेवावे. मात्र त्यासोबत येणारी बिअर किंवा फेणी मोठ्यांनी त्या दुपारी टाळावी. मद्याने तोल जातो, अंदाज चुकतो, लघवीवाटे पाणी जाते आणि सर्वांत वाईट म्हणजे भीती जाते. पोहताना थोडी भीती ही चांगली सोबतीण असते. जेवणानंतर निदान दीड तास सावलीत आडवे व्हावे. हा वेळ वाया गेला असे मुलांना वाटते, वाटू द्यावे.

शेवटचा तास

आता समुद्र. चार वाजून गेलेले आहेत. आपण पहाटे उठलो, तीन-चार किलोमीटर चढउतार केला, तासभर पोहलो, चढ चढलो, जेवलो, गाडीत बसलो. मांड्यांतील साखरेचा साठा बराच उतरला आहे, शरीरात पाण्याची तूट आहे. तरीही मन ताजेतवाने आहे, कारण डोहात आपण पोहू शकतो हे आपण नुकतेच सिद्ध केले आहे. थकलेले शरीर आणि वाढलेला आत्मविश्वास एकाच वेळी लाटांत उतरतात. त्यात आणखी एक गैरसमज मिसळतो : डोहातील पोहणे आणि समुद्रातील पोहणे एकच आहे, हा.

डोहाचे पाणी जागेवर असते. दमलात तर चार हात मारून काठ धरता येतो. समुद्राचे पाणी चालते. विहिरीत किंवा तरणतलावात तयार झालेला पोहणारा किनारा दिसतो म्हणून निर्धास्त असतो आणि किनारा मात्र त्याच्यापासून हळूहळू सरकत असतो. खारे पाणी अंग अधिक उचलून धरते, म्हणून पोहणे सोपे वाटते आणि माणूस नकळत खोल जातो. पाळोळेचा किनारा चंद्रकोरीसारखा वळलेला असल्याने तुलनेने शांत आहे, कुटुंबांनी तोच निवडावा असे मी सुचवेन. आगोंद मोकळा आहे, लाटा जोरकस असतात. तो पाहावा, तेथे चालावे. हिवाळ्यात तेथे आणि दक्षिणेच्या गालजीबागला समुद्री कासवे अंडी घालायला येतात, तेव्हा कुंपण घातलेल्या जागांपासून दूर राहावे.

किनाऱ्यावर लाटा फुटून आत आलेले पाणी कोठून तरी परत जाणारच. ते जेथून एकवटून परततो, तेथे समुद्राकडे खेचणारा अरुंद प्रवाह तयार होतो. नवख्याला तीच जागा सर्वांत सुरक्षित वाटते, कारण तेथे लाटा फुटत नाहीत. दोन्ही बाजूंना फेस आणि मधे शांत, गडद पट्टा. आपण अशा पट्ट्यात ओढले गेलो तर किनाऱ्याकडे तोंड करून झुंजू नये. त्या झुंजीत दमून माणसे जातात, प्रवाहाने नव्हे. पाठीवर तरंगावे, हात हलवून मदत मागावी, जोर असेल तर किनाऱ्याला समांतर पोहत प्रवाहाच्या बाहेर यावे आणि मग लाटांसोबत आत. सकाळी ताज्या अंगाने हे जमते. पाच वाजता, त्या दिवसभराच्या धावपळीनंतर, तेच जमेल का, हा प्रश्न प्रत्येकाने पाण्यात पाय टाकण्यापूर्वी स्वतःला विचारावा.

म्हणून माझा सल्ला साधा आहे. या एकत्रित सहलीत समुद्र कमरेपर्यंतच. जीवरक्षकाच्या मनोऱ्यासमोर, लाल-पिवळ्या निशाणांच्या मधे. लाल निशाण असेल तर पावलेही ओली करू नयेत. संध्याकाळी मनोऱ्यावरचा पहारा उतरतो, त्याच्या आधी आपण पाण्याबाहेर असावे. सूर्यास्त वाळूत बसून अधिक चांगला दिसतो. मनसोक्त समुद्रस्नान करायचेच असेल तर ते दुसऱ्या दिवशी सकाळी करावे.

उथळ पाण्यात पाय उचलून न टाकता घसटत चालावे, म्हणजे वाळूत दडलेला पाकट मासा आधीच निघून जातो. त्याचा काटा लागला तर पाय सोसवेल इतक्या गरम पाण्यात बुडवावा आणि रुग्णालय गाठावे. जेलीफिशचा डंख समुद्राच्याच पाण्याने धुवावा, गोड्या पाण्याने नाही. चोळू नये, वाळू लावू नये.

बुडालेल्याला बाहेर काढल्यावर

हा मजकूर कापून पाकिटात ठेवावा असे मला वाटते. बुडणाऱ्याला वाचवायला शिक्षण नसलेल्याने पाण्यात झेप घेऊ नये. एकाच्या जागी दोघे जातात. ओढणी, साडी, काठी, दोर टाकावा, तरंगेल अशी वस्तू फेकावी. बाहेर काढल्यावर आपल्याकडे अजूनही त्या व्यक्तीला उलटे धरतात, पोट दाबतात, गरगर फिरवतात. पोटातील पाणी निघाल्याने कोणी वाचत नाही. उलट ते फुप्फुसांत जाते आणि मोलाची मिनिटे जातात. पाठीवर सपाट झोपवावे. श्वास चालू असेल तर कुशीवर वळवावे. नसेल तर एकाने १०८ ला फोन लावावा आणि दुसऱ्याने लगेच हनुवटी वर उचलून, नाक चिमटीत धरून, तोंडाने दोन ते पाच श्वास द्यावेत. बुडण्यात मूळ तोटा प्राणवायूचा असतो, म्हणून येथे आधी श्वास. मग छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० या वेगाने ३० दाब, पुन्हा दोन श्वास, आणि मदत येईपर्यंत हेच चालू. शुद्धीवर आलेल्या, ‘मी ठीक आहे’ म्हणणाऱ्या व्यक्तीलाही रुग्णालयात काही तास देखरेखीखाली ठेवावे, कारण फुप्फुसांची सूज उशिरा चढते. काणकोणला सरकारी आरोग्य केंद्र आहे, पुढे मडगावचे जिल्हा रुग्णालय आणि बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय.

वाटाड्या कशासाठी

रानात फोनला संपर्क मिळेलच असे नाही. वाट चुकू नये म्हणून वाटाड्या हवा, हे खरे. पण त्याचे खरे काम ‘नाही’ म्हणणे हे आहे. आज डोहात उतरायचे नाही, आज लाटा बऱ्या नाहीत, आता परत फिरू. पैसे भरलेल्या पाहुण्यांना असे सांगणे कोणालाही जड जाते. म्हणून आरक्षण करतानाच त्याला विचारावे : पाणी वाढले तर तुमचा पर्यायी बेत काय? सोबत दोर आणि तरंगजाकिटे असतात का? प्रथमोपचाराचे शिक्षण घेतले आहे का? एका वाटाड्यामागे किती माणसे? पहिल्या प्रश्नाला ‘काही होत नाही, रोज जातो’ असे उत्तर आले तर दुसरा वाटाड्या शोधावा. आणि त्याने नकार दिला तर घरातील वडीलधाऱ्यांनी त्याची बाजू घ्यावी. तरुण मुले वाटाड्याशी वाद घालतात, आजोबांशी सहसा नाही.

घरी परतल्यानंतर

मुक्कामी पोचताच साबणाने स्नान करावे आणि मग एकमेकांचे अंग उजेडात तपासावे : कानांमागे, केसांच्या मुळाशी, काखेत, कमरपट्ट्याच्या जागी, जांघेत, गुडघ्यांमागे. गोचीड सापडली तर बारीक चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ वर ओढावी. रॉकेल, तेल, जळती उदबत्ती नको. हा उपद्व्याप कशासाठी, तर माकडतापासाठी. हा विषाणूजन्य आजार १९५७ साली कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलात ओळखला गेला. गेल्या दशकात तो गोव्याच्या सत्तरी तालुक्यात आणि आपल्या सिंधुदुर्गातील दोडामार्ग परिसरातही आढळला आहे. त्याचा मोसम साधारण डिसेंबर ते मे, म्हणजे नेमका सहलींचा. रानात माकडे मेलेली आढळल्याची बातमी असेल तर तो भाग टाळावा. चालताना पँटचे पायथे मोज्यांत खोचावेत, पाचोळ्यात बसू नये, कीटकरोधक मलम लावावे.

मुलांचे कान पाण्याने भरलेले असतात. डोके कलंडून पाणी निथळू द्यावे. तेल, काडी, कापूस काहीही आत घालू नये. कानाचा पडदा फाटलेल्या मुलाने डोहात डोके बुडवूच नये.

डोहाच्या पाण्यात उंदरांचे किंवा गुरांचे मूत्र मिसळलेले असू शकते आणि खरचटलेल्या त्वचेतून लेप्टोस्पायरोसिस शिरतो. रानात पाय खरचटले असतील तर डोहात न उतरणे उत्तम. त्याची लक्षणे बहुधा पाच ते चौदा दिवसांनी दिसतात, माकडतापाची तीन ते आठ दिवसांनी. झुडपांतील बारीक किड्यांमुळे होणारा स्क्रब टायफस आठवडा-दीड आठवड्याने. तोवर सहल विसरलेली असते, छायाचित्रे पाहून झालेली असतात. रुग्ण ‘ताप आणि अंगदुखी’ एवढेच सांगतो, डॉक्टर डेंग्यू-मलेरियाची तपासणी करतात आणि तीन दिवस निघून जातात. यांतील लेप्टो आणि स्क्रब टायफस वेळीच ओळखले तर साध्या, स्वस्त औषधांनी बरे होतात. उशीर झाला तर मूत्रपिंड आणि फुप्फुसे जातात. पोटऱ्या फार दुखणे, डोळे लाल होणे, लघवी कमी होणे, अंगावर कोठे वेदना न होणारी काळी खपली दिसणे, हिरड्यांतून रक्त येणे, यांपैकी काहीही असले तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. तोवर तापासाठी फक्त पॅरासिटामॉल. आयब्युप्रोफेन किंवा अ‍ॅस्पिरिन घेऊ नये.

परतल्या दिवशी सहलीची तारीख आणि त्यापुढची तीन आठवड्यांनंतरची तारीख एका कागदावर लिहून फ्रिजच्या दारावर लावावी. या दोन तारखांच्या मधे घरात कोणालाही ताप आला, तर दवाखान्याच्या दारात पाय ठेवताच पहिले वाक्य हेच उच्चारावे : ‘‘आम्ही रानात चाललो होतो आणि डोहात पोहलो होतो.’’